फिकट जांभळा

नाशिकमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या मुलींची लग्नं झाली, त्यांतल्या कितीतरी जणींच्या अल्बममधला चेहरा दीपश्री गायधनीच्या हातचा आहे. लग्नसराईत ती दिवसाला दोन-दोन नवऱ्या सजवायची. ती चांगली होती, आणि आपण चांगल्या आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरी खुर्चीत बसली की हनुवटीला एक बोट लावून ती तिचा चेहरा खिडकीकडे वळवायची आणि क्षणभर नुसती बघायची. तेवढ्यात तिला सगळं कळायचं. ही रडून आली आहे. हिच्या अंगात रक्त नाही. हिला दिवस गेलेत आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही. तोंडाने ती काही बोलत नसे, हात चालू करायची.

बाकीच्यांबद्दल तिचं मत वाईट होतं. सहा आठवड्यांचा कोर्स करून दारावर पाटी लावणाऱ्या बायका, पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारख्या दिसणाऱ्या त्यांच्या नवऱ्या, फोनवर कुठल्यातरी नटीचा फोटो दाखवून 'अगदी असं करा' म्हणणाऱ्या मुली आणि शेजारी उभं राहून 'अजून थोडं गोरं' असं सुचवणाऱ्या मावश्या, या सगळ्यांची तिला मनापासून कीव येई. ही कीव ती लपवत नसे. तरी लोक तिच्याकडेच येत.

मग कांतिपट आला.

माणसाच्या कातडीला रंग येतो तो मुख्यतः तीन गोष्टींनी: कातडीतलं तपकिरी रंगद्रव्य, खालून वाहणारं लाल रक्त आणि थोडी पिवळी झाक. तो माणसाला हवा तेव्हा बदलता येत नाही. बेडकांना आणि काही माशांना येतो. त्यांच्या कातडीत खास रंगपेशी असतात. पेशीतले रंगाचे कण मधोमध गोळा झाले की रंग नाहीसा होतो, पेशीभर पसरले की दिसू लागतो. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत ही युक्ती भांड्यात वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये उतरवली गेली. त्या पेशींचा, केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतका पातळ असा थर तयार झाला, तोच कांतिपट. त्यात डोळ्यांना न दिसणारी विजेची जाळी होती, आणि कानामागे नखाएवढी चकती लावली की हव्या त्या जागी हवा तो रंग पसरवता किंवा गोळा करता यायचा. मूळ कल्पना भाजलेल्या आणि कोड असलेल्या रुग्णांसाठी होती. तीन वर्षांत ती लग्नाच्या हॉलमध्ये पोचली, कारण भाजलेल्यांपेक्षा नवऱ्या जास्त असतात.

जाळीचं आणखी एक काम होतं. ती खालच्या खऱ्या कातडीचा रंग मिनिटाला शंभर वेळा मोजायची, आणि त्यात काही कमीजास्त झालं की विरुद्ध रंग वर पसरवून ते खोडून टाकायची. लाली चढली की हिरवट. डोळ्यांखाली काळं आलं की नारिंगी. पिवळेपणा आला की फिकट जांभळा. दीपश्रीने हे वाचलं तेव्हा ती तुच्छतेने हसली. तिच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात तो हा तक्ता. एवढी मोठी माणसं, एवढी मोठी यंत्रं, आणि चोरलं काय तर तिच्या पेटीतलं.

पण हसून काही होणार नव्हतं. पट लावलेली नवरी हळदीला एक चेहरा, लग्नाला दुसरा आणि स्वागत-समारंभाला तिसरा घेऊन फिरायची, घाम आला तरी काही ओघळत नसे, आणि आठ-दहा दिवसांनी तो उतरवून मोकळी व्हायची. शरीराने परक्या पेशी झिडकारू नयेत म्हणून तेवढे दिवस रोज एक गोळी घ्यावी लागे, इतकंच. दोन लग्नसराया दीपश्रीने कशाबशा काढल्या. तिसऱ्या सराईत तिच्याकडे चार नवऱ्या आल्या आणि त्यातल्या दोघी दूरच्या नात्यातल्या होत्या.

कांतिपट विकणाऱ्या कंपनीचं नाव मुखश्री. गंगापूर रोडवर तिचं दुमजली दालन होतं आणि शेजारीच तिची करिअर अकादमी. धंदा बुडालेल्या मेकअपवाल्यांना मुखश्री मोठ्या मनाने नोकरी देई. दीपश्रीनेही ती घेतली. पदाचं नाव 'मुख-सल्लागार'. पुढे 'वरिष्ठ मुख-सल्लागार', मग 'प्रमुख मुख-सल्लागार' आणि सगळ्यात वर अकादमीत शिकवणारी 'मुख-मार्गदर्शक'. पायरी चढावी तसं नाव वजनदार होत जाई. काम मात्र एकच होतं: चेहऱ्यावर पट लावून उभं राहायचं. गिऱ्हाईक म्हणे, 'जरा गडद दाखवा', की सल्लागाराच्या ओठांचा रंग गडद व्हायचा. 'डोळे वेगळे दाखवा', की डोळ्यांभोवती दुसरा रंग चढायचा. कापडाच्या दुकानात ताग्यावरून कापड उलगडतात तसे दिवसभरात शंभर-दीडशे चेहरे तिच्या चेहऱ्यावरून उलगडले जात. हातांना ब्रश लागत नसे. बारा वर्षं कमावलेले हात दीपश्री पाठीमागे बांधून उभी राही, कारण तसं उभं राहणं नियमात लिहिलेलं होतं.

नियम बरेच होते. नऊ तास उभं राहायचं. बाथरूमला दोनदा जायचं, टोकन घेऊन. म्हणून मुली पाणीच पीत नसत. गणवेशाबाहेर जे दिसतं ते सगळं पटाखाली असलं पाहिजे, म्हणजे चेहरा, गळा आणि कोपरापर्यंत हात. डोळ्यांतला पांढरा भाग झाकणारी भिंगं घालायची, कारण थकलेले डोळे पाहून गिऱ्हाईक नाराज होतं. आणि नवरीसारखे दहा दिवस नव्हे, पट कायम ठेवायचा, घरीसुद्धा. दर तीन महिन्यांनी जुना काढून नवा. गोळी रोज, वर्षभर.

शाखाप्रमुख विश्वजित लोणारे यांचा चेहराही पटाखालीच असे. पंचेचाळिशीच्या या गृहस्थाचे गाल सदैव सकाळी फिरून आल्यासारखे टवटवीत दिसत. ते मुलींना 'कुटुंब' म्हणत, आणि या कुटुंबातली कोणी आजारी पडली की तिच्या जागी अकादमीतली दुसरी उभी करत. दीपश्री त्यांना मनातून कवडीची किंमत देत नव्हती. तरीही तिला प्रमुख व्हायचं होतं, आणि प्रमुख व्हायचं तर अकादमीत दोन नवे उमेदवार आणून द्यावे लागत.

एक तिने शेजारून आणला. दुसरी तिची नणंद, गार्गी.

गार्गी तेवीस वर्षांची होती. तिच्या आईने, म्हणजे दीपश्रीच्या सासूबाई मनीषाताईंनी, तिच्यासाठी नर्सिंगचा अर्ज आणून ठेवला होता. गार्गीने अकादमीची जाहिरात पाहिली होती आणि ती वहिनीच्या मागे लागली. एरवी दीपश्रीने तिला एका वाक्यात गप्प केलं असतं. गार्गीला साधी टिकली सरळ लावता येत नाही, हे तिचं जुनं मत होतं. पण आता हात लागतातच कुठे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि सासूबाईंची समजूत काढली. नोकरी बसल्या जागी मिळते आहे, मी तिथे आहे, माझी नजर राहील. मनीषाताईंनी अर्ज कपाटात ठेवून दिला. दीपश्रीचा नवरा पराग द्राक्षांच्या शीतगृहात काम करायचा. तो एवढंच म्हणाला की तुमचं तुम्ही बघा.

गार्गी लागली आणि सहा महिन्यांतच कुरकुरू लागली. थकवा येतो. जेवण नको वाटतं. अंगाला खाज सुटते. दीपश्रीने तिलाच सुनावलं. पट नवा असताना खाज सगळ्यांनाच सुटते. नऊ तास उभं राहिल्यावर थकवा सगळ्यांनाच येतो. आम्ही बारा-बारा तास वाकून काम करायचो तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. गार्गीने लघवी गडद होते असंही एकदा चाचरत सांगितलं. त्यावर दीपश्री म्हणाली की पाणी कोण पितंय इथे, सगळ्यांचीच होते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिथल्या प्रत्येक मुलीला यातलं काही ना काही होतच असे, त्यामुळे कोणाचं दुखणं वेगळं ओळखू येत नसे.

एप्रिलमध्ये दीपश्री प्रमुख झाली. आता ती पंधरा मुलींवर देखरेख करायची, आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर रोज सकाळी प्रत्येकीच्या पटाचा अहवाल यायचा: कोणत्या रंगाची किती दुरुस्ती लागली. गार्गीच्या नावापुढे फिकट जांभळा चार होता. बाकीच्यांचाही तीन-चारच असे. दुसऱ्या आठवड्यात गार्गीचा सात झाला. मग अकरा. मग पंधरा. सहाव्या आठवड्यात बावीस.

दीपश्रीने आकडा पाहिला. तिला राग आला. मुलगी पट नीट धूत नसणार, नाहीतर भलतंच काही चोपडत असणार. घरातलीच निष्काळजी निघाली तर बाकीच्या चौदा जणी काय म्हणतील. कार्यालयाची यंत्रणा त्या दिवशी बंद होती, म्हणून तिने आपल्या फोनवरून लोणारेंना लिहिलं: 'गार्गी गायधनीच्या पटात फिकट जांभळ्याची मागणी सहा आठवड्यांत चारवरून बावीसवर. पट सदोष किंवा हाताळणी निष्काळजी. मुलगी कामात मंद आहे. पट बदलावा.' लोणारेंचं उत्तर दोन मिनिटांत आलं: 'जास्त क्षमतेचा पट द्या. कारण नोंदवू नका.'

पट बदलण्याच्या खोलीत नारिंगी दिवे असतात. निळसर उजेडात नव्या पेशी नीट चिकटत नाहीत. त्या नारिंगी उजेडात दीपश्रीने स्वतःच्या हातांनी गार्गीचा जुना पट सोलला, उघडा चेहरा पुसला आणि त्यावर नवा बसवला. त्या उजेडात सगळेच चेहरे सारखे दिसतात. आणि खरं सांगायचं तर तिने चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. ती कडा नीट बसताहेत का ते पाहत होती.

त्यानंतर अकरा दिवसांनी, दुपारी, गार्गी दालनात कोसळली. समोर एक नवरी आणि तिच्या तीन नातेवाईक बायका होत्या. गार्गीच्या चेहऱ्यावर तेव्हा 'सांजगुलाबी' नावाचा चेहरा चालू होता. ती खाली पडली तरी तो तसाच चालू राहिला. गाल गुलाबी, ओठ ओलसर लाल, पापण्यांवर मंद चमक. नवरीला वाटलं हा दाखवण्याचाच काही प्रकार असावा. दीपश्री धावत आली तेव्हा तिच्याही मनात पहिल्यांदा आलं ते असं, की पोरगी सोंग करते आहे. मेलेल्या माणसालाही तो पट असाच ताजा ठेवील, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

रुग्णवाहिकेतून आलेल्या माणसाने नाडी पाहिली, चेहऱ्याकडे पाहिलं आणि तब्येत तशी ठीक दिसते म्हणाला. मग पाय थोडे उंच करायला म्हणून त्याने गार्गीचे बूट-मोजे काढले. पायांवर पट नसतो. पाय कोणी बघत नाही.

पावलं पिवळी होती. कावीळ झालेल्याची असतात तशी, तळव्यापर्यंत पिवळी.

दीपश्रीने गार्गीच्या कानामागे हात घातला. लोणारे पुढे आले आणि गिऱ्हाइकांसमोर चकती काढू नका, आधी पडदे ओढा, असं हलक्या आवाजात म्हणाले. तिने चकती उपटली. पटातले रंग आपापल्या पेशींत गोळा होत गेले, आणि त्या गुलाबी चेहऱ्याच्या जागी खालचा चेहरा वर आला. ओठ पांढुरके होते. गाल बसलेले होते. सगळा चेहरा जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा झाला होता. त्या तिघी बायका मागे सरकल्या. नवरीने आपल्या गालाला हात लावला. कोणीतरी पडदे ओढले.

रुग्णालयात डॉ. रेवती सानप यांनी गार्गीच्या डोळ्यांतली भिंगं काढली आणि खालचे पिवळे डोळे बघून लगेच रक्त तपासायला पाठवलं. यकृताला जबर सूज होती. गोळी रोखते ती शरीराची प्रतिकारशक्ती, पण ती गोळी पचवण्याचं काम यकृताला करावं लागतं. दहा दिवस चालतं, वर्षभर हजारातल्या एखाद-दोघींना सोसत नाही. डॉक्टरांनी विचारलं की हे किती दिवसांपासून आहे. कोणाला माहीत नव्हतं. मनीषाताई म्हणाल्या, कालपर्यंत तर चांगली दिसत होती.

दीपश्रीला माहीत होतं. तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन आठवड्यांचे आकडे सांगितले, चार, सात, अकरा, पंधरा, बावीस. फिकट जांभळा पिवळ्यावर टाकतात, हेही तिने सांगितलं.

"म्हणजे यंत्र सहा आठवडे कावीळ मोजत होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि रोज रंगवून टाकत होतं."

"हो."

"हे कोण बघतं तिथे?"

दीपश्री गार्गीच्या पलंगाकडे वळली. आकड्यांचा मात्र उपयोग झाला. आजार किती झपाट्याने वाढला ते डॉक्टरांना त्यावरून कळलं आणि उपचार त्या बेताने ठरले. गार्गी अठरा दिवस रुग्णालयात होती. पहिले सहा दिवस ती जगेल असं कोणी म्हणत नव्हतं. सातव्या दिवशी तिने पाणी मागितलं.

बाराव्या दिवशी तिने वहिनीला विचारलं, "तुला माझ्यात काहीच दिसलं नाही का गं?"

"नाही," दीपश्री म्हणाली.

त्याच आठवड्यात लोणारे फळांची टोपली घेऊन आले. मनीषाताईंना त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि मग दीपश्रीला घेऊन ते रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसले. कामगार खात्याची चौकशी होणार होती. कंपनीचं म्हणणं असं होतं की मुलीने गोळ्या चुकीच्या पद्धतीने घेतल्या आणि त्रास लपवला. पर्यवेक्षक म्हणून दीपश्रीने तसं लिहून द्यावं. पुण्याच्या अकादमीत मुख-मार्गदर्शकाची जागा रिकामी होती. साठ मुलींची तुकडी, स्वतःची खोली, बसून काम. पट लावायचीही सक्ती नाही. जाता जाता ते म्हणाले की तुमच्या फोनवर एक जुना निरोप असेल, तो आता ठेवण्याचं काही कारण नाही. त्यात तुमचंच नाव आहे. घरच्यांना ते बघून वाईट वाटेल.

हे सांगताना त्यांचे गाल नेहमीसारखे टवटवीत होते. लाज वाटली असती तरी ती दिसली नसती, आणि वाटली असेल असं दीपश्रीला वाटलंही नाही. तिला त्या माणसाची शिसारी आली. पण त्याने सांगितलेली गोष्ट खरी होती, आणि ते त्याला माहीत होतं. तो निरोप दाखवल्याशिवाय कंपनीला आधी ठाऊक होतं हे सिद्ध होणार नव्हतं, कारण बाकी सगळ्या नोंदी कंपनीच्याच ताब्यात होत्या. आणि निरोप दाखवला की तिने काय पाहिलं होतं आणि काय लिहिलं होतं, तेही सगळ्यांना दिसणार होतं.

चार दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. त्या चार दिवसांत तिने दोनदा फोन काढून निरोप पुसायला बोट पुढे नेलं. एकदा तर तिने मनातल्या मनात पुण्याला घरही पाहून ठेवलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना हलकं लेखलं होतं. आता ती स्वतःला त्यांच्या रांगेत उभी करून बघत होती, आणि त्या रांगेतही ती वरच्या नंबरावर बसत नव्हती.

पाचव्या दिवशी गार्गीला घरी आणलं. दुपारची जेवणं झाल्यावर दीपश्रीने फोन टेबलावर ठेवला आणि निरोप, लोणारेंच्या उत्तरासकट, सगळ्यांसमोर वाचला. परागने तो पुन्हा स्वतः वाचला आणि उठून गॅलरीत गेला. मनीषाताईंनी विचारलं की बावीस म्हणजे काय, आणि ते कळल्यावर त्या उठल्या. त्यांनी ताटं उचलली, दीपश्रीचंही उचललं, आणि त्या दिवसापासून पुढे कित्येक महिने त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

गार्गी पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"मी खोटं बोलले. मी आकडा पाहिला होता. तुझ्याकडे पाहिलं नव्हतं."

"ते मला माहीत आहे, वहिनी. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू माझ्याकडे बघून कधी बोलली नाहीस." तिचा आवाज बारीक होता, पण त्यात रडणं नव्हतं. "सुनावणी कधी आहे?"

दीपश्रीने तारीख सांगितली. ती म्हणाली की मी एकटी जाईन, तू यायची गरज नाही.

"एकटी गेलीस तर ते तुझ्यावरच ढकलून मोकळे होतील," गार्गी म्हणाली. "मी येणार. तुझ्यासाठी नाही. तुला मी माफ केलेलं नाही. पण त्या लोणारेचा मला तुझ्याहूनही जास्त तिटकारा आहे."

सुनावणी सकाळी अकराला होती, सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. चौकशी अधिकारी खैरनार नावाचे, निवृत्तीकडे झुकलेले गृहस्थ होते. कंपनीकडून लोणारे, दोन वकील आणि एक तज्ज्ञ आले होते. चौघांचेही चेहरे एकसारखे निर्मळ. गार्गी उघड्या चेहऱ्याने बसली होती. वर्षभर पटाखाली राहिलेली कातडी ठिकठिकाणी फिकी पडली होती, ठिकठिकाणी काळवंडली होती. एका वकिलाने अत्यंत अदबीने सुचवलं की ताईंना अवघडल्यासारखं होत असेल तर तात्पुरता पट आणवता येईल, कंपनीतर्फे. गार्गीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने खैरनारांना विचारलं की खिडकीचा पडदा जरा बाजूला करता येईल का. त्यांनी स्वतः उठून तो सरकवला.

तज्ज्ञाने अर्धा तास समजावून सांगितलं की पट हे सौंदर्यसाधन आहे, वैद्यकीय उपकरण नाही, म्हणून त्याच्या आकड्यांतून आजार ओळखण्याची अपेक्षा ठेवणं अशास्त्रीय ठरेल. खैरनारांनी विचारलं की मग ज्यांचा जांभळा आकडा वाढतो अशांची कंपनीकडे यादी आहे का. तज्ज्ञाने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी कागदांकडे पाहिलं. यादी होती. राज्यभरातली अकरा नावं होती. गार्गीचं आठवं.

मग दीपश्रीची पाळी आली. तिने निरोप आणि त्यावरचं उत्तर वाचून दाखवलं. 'कारण नोंदवू नका' हे शब्द वाचताना तिने लोणारेंकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे प्रसन्नपणे बघत होते.

"हे तुम्ही लिहिलंत?" खैरनारांनी विचारलं.

"हो."

"पिवळ्यावर जांभळा टाकतात हे तुम्हाला माहीत होतं."

"बारा वर्षं हेच काम केलंय. कोणापेक्षाही जास्त माहीत होतं."

"मग हे लिहिताना तुमच्या मनात काय होतं?"

वकिलांपैकी एकाने हा प्रश्न गैरलागू असल्याचं म्हटलं. दीपश्री त्याच्यासाठी थांबली नाही.

"ही मुलगी कामचुकार आहे, असं होतं," ती म्हणाली. "हिला काही येत नाही आणि हिच्यामुळे माझं नाव खराब होतंय, असं होतं. हिच्या जागी अनोळखी नवरी खुर्चीत बसली असती तर मी तिला आधी डॉक्टरकडे जा म्हटलं असतं."

खैरनारांनी ते शब्दशः लिहून घेतलं. गार्गी तिच्या मागे, दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिने काय केलं ते दीपश्रीला दिसलं नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. कर्मचाऱ्यांना सलग दहा दिवसांपेक्षा जास्त पट लावायला मनाई झाली, दर महिन्याला रक्ताची तपासणी सक्तीची झाली, आणि यादीतल्या इतर दहा जणींना शोधून उपचार देण्यात आले. त्यातली एक सापडली तेव्हा उशीर झाला होता. दीपश्रीचं पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र रद्द झालं. लोणारे मुख्य कार्यालयात गेले, अधिक वजनदार नावाच्या पदावर. मुखश्रीने वर्षाअखेरीला कांतिपटाची नवी आवृत्ती आणली. कातडीचा रंग बिघडला तर ती गिऱ्हाइकाला सूचना देते, आणि जाहिरातीत लिहिलं होतं की आम्हाला तुमची काळजी आहे. अकादमीच्या प्रवेशाला त्या वर्षीही रांग लागली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सुनावणी संपली तेव्हा लिफ्ट बंद होती. दोघी जिन्याने उतरू लागल्या. वरून कंपनीची माणसं आली आणि हसतमुखाने वाट मागून पुढे निघून गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गार्गी थांबली. दीपश्रीने हात पुढे केला. गार्गीने तो घेतला नाही, कठडा धरला.

"दम लागलाय," ती म्हणाली. "थांब जरा."

दीपश्री दोन पायऱ्या खाली थांबली आणि वळली. जिन्याच्या खिडकीतून भरपूर उजेड येत होता. गार्गीच्या ओठांना अजून रंग आला नव्हता. कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, डाव्या गालावर काळसर डाग होता, डोळ्यांचा पांढरा भाग आता पांढरा होऊ लागला होता, पण कडेला थोडी झाक राहिली होती. नाकाजवळ एक जुना, लहानपणीचा वण होता. तो दीपश्रीने आजवर कधी पाहिला नव्हता. ती बघत राहिली. गार्गीला ते कळलं. तिने तोंड फिरवलं नाही. श्वास जागेवर यायला तिला बराच वेळ लागला.

"चल," ती म्हणाली, आणि कठडा धरून खाली उतरू लागली.